नर्मदेचा पाला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याला समुद्र नाही, पण पावसाळा लागला की समुद्राच्या एका माशाबद्दल विचारणा सुरू होते. भरूचकडून पाला आल्याची बातमी दांडिया बाजार, रावपुऱ्यापर्यंत पोहोचली की कुणी खाण्यासाठी विचारतं, कुणी परिक्रमेहून येऊन विचारतं, कुणी मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी. तेच तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे साधे आहेत, पुढचे किचकट. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तर तिथे क्रमांक दिला आहे.

१. पाला म्हणजे नेमका कोणता मासा? बंगाली लोकांचा इलिश तोच का?

तोच. शास्त्रीय नाव टेनुआलोसा इलिशा. फ्रान्सिस बुकानन-हॅमिल्टन यांनी १८२२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. भरूचचे मच्छीमार त्याला चाक्सी म्हणतात, सिंधी मंडळी पल्लो. वारसियात कुणा सिंधी शेजाऱ्याकडे झूलेलालची तसबीर पाहिली असेल, तर देव ज्या माशावर बसलेला असतो तो हाच.

नात्याने हा तारलीच्या गोतातला. अंग चपटं, चंदेरी, पाठीवर निळसर-हिरवट झाक. पोटाच्या कडेने बोट मागून पुढे फिरवलं तर खरखरीत लागतं. तिथे ३० ते ३३ दातेरी खवल्यांची ओळ असते. बाजारात साधारण ३५ ते ४० सेंमीचा दिसतो, ६० सेंमीपर्यंत वाढू शकतो. मादी नरापेक्षा मोठी होते.

२. हा समुद्रातला मासा की नदीतला?

दोन्हींचा, आणि त्याच्याबद्दलची सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते. वाढायचं समुद्रात, अंडी घालायची नदीत, असा त्याचा क्रम. किनाऱ्यालगतच्या समुद्रात तो थव्याने राहतो. पावसाळ्यात नद्यांना पाणी आलं की थवे खाडीच्या मुखाशी जमतात, मचूळ पाण्यातून वर सरकतात आणि पूर्ण गोड्या, वाहत्या पाण्यात पोहोचून मादी अंडी सोडते. एका मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात. मोठ्या मादीत दहा लाखांच्याही वर.

अंडी पाण्याबरोबर वाहत राहतात आणि साधारण दिवसभरात फुटतात. बाहेर येणारं पिल्लू जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं असतं. ते काही महिने नदीत आणि खाडीत काढतं, मग समुद्रात उतरतं. वर्ष-दोन वर्षांत वयात आलं की पुन्हा नदीकडे. इराणच्या आखातापासून सिंध, गुजरात, आंध्र, बंगाल, बांगलादेश आणि म्यानमारपर्यंत जिथे जिथे मोठी नदी समुद्राला मिळते तिथे हा क्रम चालतो. आपल्या बाजूला नर्मदा आणि तापी या त्याच्या मुख्य नद्या.

३. सॅमनसारखा अंडी घालून मरतो का?

नाही. पॅसिफिकमधले सॅमन मरतात, पाला परत समुद्रात जातो आणि पुढच्या मोसमात पुन्हा येऊ शकतो. मात्र परतणारा मासा वाळलेला, पोट आत गेलेला असतो. बाजारात असा मिळाला आणि चव लागली नाही, तर दोष विक्रेत्याचा नाही.

४. नर्मदेत तो कधी येतो? नेमका श्रावणातच का, आमची तर पंचाईत होते!

ही तक्रार दरवर्षी येते. मुख्य मोसम आषाढ ते भाद्रपद, म्हणजे जुलै ते सप्टेंबर. गटारीपर्यंत थोडाफार मिळतो आणि घरात श्रावण लागला की नदी भरून येते. माशाला पंचांग ठाऊक नसलं तरी चंद्र ठाऊक आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तो जास्त वर चढतो, कारण भरतीचं पाणी त्याला फुकट वर घेऊन जातं. सगळ्यात मोठी भरती तिथीच्या दिवशी नसते, एक-दोन दिवस मागाहून येते. नदीवरच्या माणसाचा हिशेब त्यावर असतो.

कुठे कुठे थंडीच्या अखेरीसही एक छोटी खेप नदीत शिरते. तिच्या भरवशावर बसू नये.

५. नदीत यायला त्याला नेमकं काय लागतं? पाणी असलं की झालं ना?

नाही झालं. पाणी तर भरतीच्या वेळी भरूचच्या गोल्डन ब्रिजखालीही भरपूर असतं, पण ते समुद्राचं असतं. पाल्याला वरून येणारं गोडं पाणी लागतं, आणि तेही जोराने येणारं. पावसाळ्यात नदी गढूळ होते, तिचं तापमान बदलतं, क्षार कमी होतात आणि हा लोंढा समुद्रात दूरवर पसरतो. मुखाबाहेर फिरणाऱ्या थव्याला नदीचा पत्ता या पाण्यानेच लागतो. लोंढा क्षीण असेल तर मासा मुखाशी येऊन रेंगाळतो आणि तिथेच जाळ्यात सापडतो.

दुसरी गरज उताराची. खारं पाणी एकदम संपून गोडं सुरू झालं तर त्याला ते मानवत नाही. खारं, मचूळ, किंचित मचूळ, गोडं असा लांबच लांब पट्टा हवा, म्हणजे अंगातल्या क्षारांचा तोल सांभाळत तो वर जाऊ शकतो. पिल्लांना हाच पट्टा उलट्या दिशेने लागतो.

तिसरी गरज वाहतेपणाची. अंडी वाहत्या पाण्यात राहिली पाहिजेत. पाणी थांबलं, प्राणवायू घटला, गाळ बसला, की ती तगत नाहीत पुढे. आणि चौथी, जी सगळ्यात सोपी वाटते आणि सगळ्यात आधी मोडते: वाट सलग असली पाहिजे. मधे भिंत नको. माझ्या मते पाल्याबद्दल एवढी एक गोष्ट कळली तरी पुरे. त्याचं घर म्हणून एखादी जागा दाखवता येत नाही. समुद्र ते गोडं पाणी हा अख्खा रस्ता मिळून ते घर होतं, आणि रस्त्याचा अर्धा भाग राखून अर्धा मासा वाचत नाही.

६. तो खातो काय? गळाला कधी लागलेला ऐकला नाही.

लागणारही नाही. घरी पाला आणाल तेव्हा साफ करताना कल्ल्याचं झाकण उचलून पाहा. बाहेरच्या बाजूला लालभडक झालर असते, ती श्वासाची. तीच कमान उलटी केली की आतल्या बाजूला बारीक, लांब, दाट काड्यांची ओळ दिसते, अगदी उवांच्या फणीसारखी. मासा तोंड उघडं ठेवून पोहतो, पाणी कल्ल्यांतून बाहेर जातं आणि पाण्यातले सूक्ष्म जीव या काड्यांत अडकतात. डोळ्यांना न दिसणारं शेवाळ आणि कणाएवढे कवचधारी प्राणी हे त्याचं अन्न. ज्याला घास घ्यायची सवयच नाही तो गळावरच्या आमिषाकडे कशाला वळेल?

चढणीच्या काळात तर तो खाणंही कमी करतो. समुद्रात साठवलेल्या चरबीवर प्रवास होतो. नदीच्या तोंडाशी पकडलेला पाला तुपकट लागतो तो यामुळे.

७. पिल्लं कुठे वाढतात? ती पकडली तर काय बिघडतं, लाखांनी अंडी घालतो ना?

लाखांतली बहुतेक पिल्लं पहिल्या काही आठवड्यांतच संपतात. जी बोटभर होतात ती चाळणीतून निघालेली, म्हणून मोलाची. नदीच्या खालच्या भागात आणि खाडीतल्या उथळ, गढूळ, अन्नाने भरलेल्या पाण्यात ती पाच-सहा महिने राहतात आणि १० ते १६ सेंमीची झाली की समुद्राकडे निघतात. नर्मदेच्या मुखातल्या अलियाबेटच्या आसपासच्या चिखलाच्या ओढ्या-खाड्या पाहून लोकांना ती पडीक जागा वाटते. खरं तर तो पाळणाघराचा भाग आहे.

बांगलादेशात २५ सेंमीपेक्षा लहान इलिश पकडायला ठरावीक महिन्यांत बंदी असते. पश्चिम बंगालमध्ये २३ सेंमीपेक्षा लहान पकडता-विकता येत नाही आणि ९० मिमीपेक्षा बारीक आसाच्या (म्हणजे भोकांच्या) जाळ्यांना मनाई आहे. बाजारात फूटपट्टी न्यायची गरज नाही: वीतभर भरत नसेल तो घेऊ नका.

८. पूर्वी टोपल्या भरून यायचा म्हणतात. धरणामुळेच कमी झाला का?

एकट्या धरणामुळे म्हणणं सोपं होईल. तरी मला विचाराल तर पहिलं नाव तेच घ्यावं लागेल.

सरदार सरोवराची उंची १३८.६८ मीटर, दरवाजे जून २०१७ मध्ये बंद झाले. खाली नदीला वर्षभर किमान ६०० क्युसेक पाणी सोडायचं ठरलेलं आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ हजार लिटर. आकडा मोठा वाटतो. पण नर्मदेच्या मुखात उधाणाला जे पाणी आत शिरतं त्यापुढे तो काहीच नाही. भरतीला मागे ढकलणारं गोडं पाणी उरलं नाही की खारं पाणी वर सरकतं. भरूचच्या आसपासच्या विहिरी आणि शेतं खारी होऊ लागली ती याचमुळे. पाल्याच्या दृष्टीने अंडी घालायची गोडी जागा आणखी वर गेली, तिथपर्यंत नेणारा लोंढा आटला आणि पुराची वेळही निसर्गाच्या हातून दरवाज्यांच्या हाती आली. आषाढात जे पाणी हवं ते धरण भरेपर्यंत थांबतं, आणि भाद्रपदात एकदम सुटतं.

मग उरलेली कारणं. मुखाशी बारीक आसाची जाळी. अंकलेश्वर, दहेज, झगडियाच्या औद्योगिक पट्ट्याचा भार. आणि बडोदेकरांनी हात झटकू नयेत: आपल्याकडच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणीही वाहिनीने खंभातच्या आखाताकडेच जातं. मच्छीमारांना आधी दोष देण्याची पद्धत मला पटत नाही. जाळं एका मोसमाची मासळी नेतं, रस्ता बंद झाला तर पुढचे सगळे मोसम जातात.

९. भाडभूतचा बंधारा झाला की काय होईल?

भाडभूत हे भरूचच्या खाली, मुखाच्या बाजूला वसलेलं गाव, आणि नर्मदेतल्या पाल्याच्या मासेमारीचं मुख्य ठाणं. तिथे नदीवर ९० दरवाज्यांचा बंधारा बांधायची पायाभरणी ऑक्टोबर २०१७ मध्ये झाली. उद्देश खारं पाणी रोखायचा, गोडं साठवायचा, पुरापासून काठ राखायचा; वरून रस्ताही जातो. खाऱ्या विहिरीचं पाणी पिणाऱ्या माणसाला हे नको म्हणून सांगायची माझी हिंमत नाही. मच्छीमारांचा विरोधही तेवढाच खरा आहे, कारण बंधारा नेमका समुद्र आणि अंडी घालायच्या जागेच्या मधे येतो.

असं आधी कुठे घडलंय ते पाहणं बरं. सिंधू नदीत पल्लो पूर्वी मुलतानपर्यंत चढायचा. सक्करचा बंधारा १९३२ मध्ये आणि कोटरीचा १९५५ मध्ये झाल्यावर त्याची धाव कोटरीखाली आखडली. गंगेत इलिश अलाहाबाद गाठायचा, यमुनेतून आग्रा-दिल्लीपर्यंत गेल्याच्या जुन्या नोंदी आहेत. फरक्काचा बंधारा १९७५ मध्ये सुरू झाला आणि वरच्या गंगेतून तो जवळजवळ नाहीसा झाला. म्हणून दरवाजे कोणत्या महिन्यात, किती दिवस आणि भरतीच्या कोणत्या वेळी पूर्ण उघडे राहणार, हा भाडभूतबद्दल विचारायचा खरा प्रश्न. उरलेलं तपशिलात जाईल.

१०. बंधाऱ्याला माशांची शिडी करतात ना? मग अडचण काय?

शिडी म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची टाकी, एकीतून दुसरीत उडी मारत मासा वर जातो. सॅमन उड्या मारतो, पाला मारत नाही. तो थव्याने, पाण्याच्या मधल्या थरातून, रुंद प्रवाहात चालणारा मासा आहे. अरुंद, खळखळत्या फटीत थवा शिरत नाही. त्याला उपयोगी पडेल ती जहाजांच्या लॉकसारखी (दोन दरवाज्यांमधलं पाणी चढवून-उतरवून जहाज पलीकडे नेतात तशी) रुंद, सावकाश भरणारी वाट किंवा सरळ उघडे दरवाजे. फरक्काच्या नव्या लॉकचे दरवाजे माशांच्या वेळेप्रमाणे उघडायचा विचार झाला तो म्हणूनच. शिवाय तिथे मोठे इलिश खुणा लावून बंधाऱ्याच्या वर सोडायचं कामही केंद्रीय मत्स्य संशोधन संस्थेने केलं आहे. माशाला उचलून पलीकडे ठेवावं लागतं, यावरून काय ते समजा.

११. मग उकाईच्या जलाशयात पाला सापडला तो कसा? म्हणजे समुद्राशिवाय जगतो की!

हा प्रश्न विचारणारा नेमका वाचलेला असतो. तापीवरच्या उकाई जलाशयात पाला मिळाल्याची आणि तिथेच वाढल्याची नोंद खरी आहे. बंगालकडच्या नद्यांतही समुद्रात न जाता गोड्या पाण्यातच आयुष्य काढणारे काही थवे असतात. म्हणजे या माशाच्या अंगात ती लवचीकता आहे. मोठ्या जलाशयात सूक्ष्म अन्न भरपूर असेल आणि वर वाहती नदी शिल्लक असेल तर थोडेफार तगतात.

पण तगणं आणि मासेमारी पोसणं वेगळं. भाडभूतच्या होड्या ज्या थव्यांवर चालतात ते समुद्रात चरून येतात. उकाईचं उदाहरण देऊन बंधाऱ्याचं समर्थन करणाऱ्यांनी प्रश्न ५ पुन्हा वाचावा. तिथल्या चार गरजांपैकी कोणत्या शिल्लक राहतात ते मोजावं.

१२. आमच्या विश्वामित्रीत किंवा महीत येतो का?

विश्वामित्रीत नाही. ती ढाढरला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखाताला, त्यामुळे नकाशावर समुद्राशी नातं आहे, पण शहरातून जाणाऱ्या त्या पाण्याला ना पुरेसा प्रवाह ना प्राणवायू. तिथे मगरी सुखाने राहतात; मगर वर येऊन हवा घेते, पाल्याला ती सोय नाही.

महीची गोष्ट जरा वेगळी. तिच्या मुखाची भरती जबरदस्त आहे. बडोदा म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा ज्याचा, तो १९४४ च्या वादळात महीत वाहून आला होता. भरती आहे, रुंदी आहे, पण वर कडाणा आणि वणाकबोरीला पाणी अडतं आणि खाली उरतं ते थोडं. मुखाजवळ चुकार मासा मिळेल. मोसमभर त्यावर घर चालेल असं नाही.

१३. सप्टेंबर २०२३ सारखा मोठा पूर आला तर पाला वाढतो का?

पूर पाहून लोकांना वाटतं नदीचं भाग्य उजळलं. पाल्याला हवा असतो तो चढत जाणारा, काही आठवडे टिकणारा लोंढा. एका रात्रीत सुटलेलं पाणी भरूच-अंकलेश्वर बुडवतं, आणि नदीत त्या वेळी अंडी-पिल्लं असतील तर त्यांनाही पोहायचं बळ येण्याआधी खाऱ्या पाण्यात नेऊन टाकतं. तेच पाणी जुलैपासून बेताबेताने सोडलं तर मासा आणि माणूस दोघांचं भलं.

१४. बाजारात भिंग म्हणून देतात तो हाच का?

बहुधा त्याचा सख्खा भाऊबंद, टेनुआलोसा तोली. दिसायला इतका सारखा की मासळीवाल्याचीही गल्लत होते. लहान पाल्याच्या कुशीवर कल्ल्यामागे गडद ठिपका आणि त्यामागे ठिपक्यांची रांग असते. तोलीला एकच ठिपका. गंमत अशी की तोली नर म्हणून वयात येतो आणि पुढे मादी होतो. पाल्यात नर नर राहतो, मादी मादी. त्यामुळे एकाची माहिती दुसऱ्याला लावू नये.

१५. हा संकटग्रस्त मासा आहे का? खाल्ला तर पाप?

आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो 'कमी चिंतेचा' या वर्गात आहे, कारण बंगालच्या उपसागरात आजही भरपूर आहे. जागतिक यादी नर्मदेबद्दल काही सांगत नाही. बांगलादेशात टनावारी मिळतो म्हणून भाडभूतच्या होडीत तो येत नाही.

खाण्याबद्दल माझं मत: खावा. ज्या माशाला गिऱ्हाईक आहे त्याच्या नदीबद्दल कुणीतरी बोलतं. फक्त प्रश्न ७ मधली वीत लक्षात ठेवा, आणि भर मोसमात गाभोळीचा हट्ट धरू नका. गाभोळी अप्रतिम लागते हे मान्य, पण ती मादी अंडी घालायच्या वाटेवर होती. काट्यांना घाबरणाऱ्यांसाठी: मांसात दुभंगलेले बारीक काटे असतात, ते काढता येत नाहीत. शेपटीकडे जास्त, पोटाच्या तुकडीत कमी. पाहुण्याला पोटाची तुकडी वाढा, मुलांना भात कालवून स्वतः तपासून द्या.

१६. तळ्यात पाळता येईल का? वडिलोपार्जित शेततळं आहे.

रोहू-कटला पाळा. पाला हातात धरला की खवले निघतात, दोन मिनिटं पाण्याबाहेर राहिला की दगावतो, आणि बंद पाण्यात सहजी वयात येत नाही. मादी-नरापासून अंडी काढून पिल्लं तयार करणं प्रयोगशाळांना जमलं आहे, शेततळ्याला ते परवडणारं नाही.

१७. परिक्रमेत विमलेश्वरहून मिठीतलाईला होडीने गेलो तेव्हा जाळी दिसली नाहीत. मासेमारी बंद असते का?

ती होडी भरतीची वेळ साधून निघते आणि बहुतेक परिक्रमावासी तिथे पोहोचतात ते हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर. तेव्हा पाला समुद्रात असतो. समुद्रातल्या यांत्रिक होड्यांना पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या सुरुवातीला बंदी असते, नदीतल्या लहान होड्यांचं काम मात्र त्याच सुमारास सुरू होतं. पाहायचंच असेल तर ऑगस्टमध्ये, अमावास्या किंवा पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी भाडभूतला जा. भरती वळायच्या बेताला होडी आडवी धरून जाळं सोडतात आणि प्रवाहाबरोबर होडी आणि जाळं दोन्ही वाहू देतात. मासा काठावर येईपर्यंत मेलेलाच असतो, म्हणून बर्फ तिथेच असतो आणि भावही तिथेच ठरतो. चिखल गुडघाभर असतो. चपला गाडीत ठेवा, आणि भरतीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या.